पकडा, पण ठेवणार कुठे?

आपल्याकडे धुरातला कार्बन पकडण्याची हौस दांडगी. ठेवायचं कुठे, हा प्रश्न मागाहून सुचतो. सिल्वासाजवळच्या किलवणीकडचे साग-खैर अजूनही फुकटात कार्बन शोषतात. त्यांना निविदा लागत नाही, फीत कापायला मंत्रीही लागत नाहीत. म्हणूनच त्यांना कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही.

तंत्रज्ञान म्हणजे असं: चिमणीतला वायू अमाइनच्या द्रावणातून न्यायचा, कार्बन डायऑक्साइड त्यात अडकला की तेच द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवून त्याला पुन्हा सोडवायचं. तापवायला वाफ, वाफेला इंधन, इंधनाचा पुन्हा धूर. चोर धरण्याआधी पोलिसानेच हात मारून घ्यावा, तसं हे!

हा खर्च उतरावा म्हणून चाचण्या हव्यातच. २०२२ मध्ये पवईच्या आयआयटीत त्यासाठी राष्ट्रीय केंद्राची घोषणा झाली. त्याच वर्षी याच विषयावर नीती आयोगाचा अहवालही आला. तुतिकोरिनच्या एका कारखान्याने बॉयलरच्या धुरातला वायू पकडून सोडा ॲश बनवूनही दाखवला. जगाचा ताळेबंद मात्र असा: इंधन जाळून वर्षाला हवेत जातो सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड, पकडायची क्षमता जेमतेम ५ कोटी टन. आणि पकडलेल्यातला मोठा हिस्सा जातो तेलविहिरीत, आणखी तेल उपसायला!

सिल्वासातल्या सुताच्या आणि प्लास्टिकच्या छोट्या कारखानदारांना हा थाट परवडायचा नाही. त्यांनी आधी गळक्या वाफेच्या नळ्या आणि जुने बॉयलर दुरुस्त करावेत. जो धूर निघालाच नाही, तो पकडावा लागत नाही.