केशप्रक्षालन : नवशिक्यांसाठी, नरखेड तालुका आवृत्ती

कोर्स संपला, प्रमाणपत्राला फ्रेम लागली आणि मोवाड, जलालखेडा नाहीतर सावरगावच्या एखाद्या पार्लरात तुम्ही कामाला लागलात. अभिनंदन. पहिल्या दिवशी तुमच्या हाती कात्री कुणी देणार नाही. मालकीणबाई म्हणतील, "कटिंग मी करतो, तू काकूंचं डोकं धू." डोकं धुणं हे सगळ्यांत हलकं काम, अशी समजूत आहे. कात्रीनं बिघडवलेले केस दोन-तीन महिन्यांत वाढतात. मानेचं तसं नसतं. तरी केस उस्तादाकडे आणि मान नवशिकीकडे, ही वाटणी कुणी केली कोण जाणे.

आधी पाणी. पुस्तकात लिहिलेलं असतं, कोमट घ्यावं. लिहिणाऱ्यानं मे महिन्यात दुपारी दोन वाजता नरखेडातल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून पाहिलेला नसावा. त्या वेळी थंडच्या नळाला कढत पाणी येतं आणि गरमच्या नळाला येणारं त्याहून थंड असतं, कारण गीझर मार्चपासून बंद. म्हणून उन्हाळ्यात सकाळीच दोन बादल्या भरून सावलीत ठेवायच्या. डोक्याला 37-38 अंश पुरे. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. पारखायला मनगटाची आतली बाजू वापरा. बोटांवर विश्वास नको, चहाची भांडी उचलून ती निबर झालेली असतात. हिवाळ्यात बादलीत रॉड टाकलाच, तर बटन बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. "तापलं का पाहतो" म्हणून बोट बुडवणं हे धाडस आपल्याकडे घराघरांत चालतं. पार्लरात ते चालवू नका.

दुसरी अडचण फेसाची. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. जमिनीतल्या पाण्यावर पहिला हक्क बागेचा, उरलं तर माणसांच्या डोक्याचा. खोल बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 200 मिलिग्रॅम कठीणपणा ठीक मानलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलाय. तुमच्या बोअरचा आकडा माहीत नसेल तर बादलीच्या कडेला बसलेला पांढरा थर पाहा. अशा पाण्यात साबण फेसाऐवजी चोथा धरतो. शाम्पूचं बरं असतं, पण फेस कमी दिसला की नवशिकी आणखी एक पुडी फोडते, मग ती निघता निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी काकूंचं डोकं खाजतं. शाम्पू मगात पाणी घालून पातळ करा, एकदाच लावा, धुवायला दुप्पट वेळ द्या. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी स्वच्छ धरता आलं तर याहून चांगलं पाणी तालुक्यात नाही.

आता मान. इथं चेष्टा थोडी बाजूला ठेवतो. 1993 साली मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन डॉक्टरांनी पार्लरात केस धुताना मेंदूच्या रक्तपुरवठ्याला त्रास झालेल्या पाच बायकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. 2022 मध्ये हैदराबादेत असंच एका पन्नाशीच्या बाईंना झालं. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर चढतात. मान मागे फार वाकवून बेसिनच्या कडेवर टेकवली की त्या दबतात, क्वचित आतून चिरतात. तुमच्याकडे वाकतं बेसिन नसेल. प्लास्टिकची खुर्ची, मागे बादली आणि काकूंचं डोकं अधांतरी असेल. मानेखाली जाड टॉवेलची घडी घाला, डोकं एका हातानं तोला, आणि तुमचं फोनवर बोलणं संपेपर्यंत ते तसंच लटकवून ठेवू नका. बीपी, मणक्याचं दुखणं किंवा वय असेल, तर पुढे वाकवून धुवा, नाहीतर सरळ सांगा, काकू, घरून न्हाऊन या.

विचारल्यानं काही कळेल अशी आशा ठेवू नका.

"दुखते का काकू मान?"

"नाही वं पोरी, चालू दे तुहं."

आपल्याकडची बाई दुसऱ्याच्या खुर्चीत बसून दुखतंय असं म्हणत नाही. तिच्या मुठी पाहा, पायाची बोटं पाहा. त्या आवळल्या की थांबा. चक्कर, उलटी, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं यातलं काहीही दिसलं तर कांदा फोडू नका, तोंडात पाणी घालू नका, 108 लावा. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साधारण साडेचार तासांची मुदत असते आणि नागपूर इथून सुमारे 85 किलोमीटर. त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून द्या.

पुरुषांच्या सलूनमध्ये चंपीबरोबर मान कडकन मोडून देण्याची फुकट सोय असते. गिऱ्हाइकानं मागितली तरी देऊ नका. 2024 मध्ये बळ्ळारीत एका तरुणाला त्यापायी पक्षाघात झाल्याच्या बातम्या होत्या.

बाकीचं थोडक्यात. गुंता धुण्याआधी सोडवा, नवरीचा तर आदल्या दिवशीच. बोटांची पेरं वापरा, नखं नाहीत. कपाळावर आडवा तळवा धरा, डोळ्यांत फेस जात नाही. उवा दिसल्या तर मोठ्यानं जाहीर करू नका. त्या उड्या मारत नाहीत, चालतात, तेव्हा टॉवेल आणि कंगवा वेगळा केला की पुरे. काळी मेंदी लावायची असेल तर 48 तास आधी कानामागे ठिपका लावून पाहा आणि धुताना हातमोजे घाला. दिवसभर ओल्या राहणाऱ्या हातांना इसब धरतो आणि तो दिवाळीपर्यंत जात नाही.

शेवटी हिशेब. कटिंगचे पैसे काकू देतील. "अन् धुवायचे?" म्हटलं की त्या चकित होतील, "पाण्याचे कायचे पैसे वं?" घासाघीस करू नका. वहीत त्यांच्या नावापुढे रक्कम लिहा आणि शेजारी वसुलीची तारीख म्हणून संत्र्याचा "आंबिया बहार" असं टाका.