कूलरला सोंड

आमच्या अंबडला वस्तू उघडीबोडकी राहिलेली कुणाला बघवत नाही. टीव्ही घरात आला की आधी त्याचं माप घेतलं जातं, मग तो भिंतीला लागतो. मिक्सरला झगा, गॅसच्या टाकीला परकर, फ्रिजच्या मुठीला मोजा. फ्रिजच्या डोक्यावर खिसेवाली चादर, आणि त्या खिशांत लाइटबिलं, लग्नपत्रिका, मागच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या. शेजारच्या वहिनींनी इन्व्हर्टरच्या बॅटरीला झालरीचा फ्रॉक शिवलाय. नजर अधू झालेले पाहुणे आत येताना तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये याच वहिनींनी ब्लाउजपीसच्या तुकड्यांचे मास्क शिवले, तेही साडीला मॅचिंग. त्या दिवसांत आमच्या गल्लीत आजाराची भीती होतीच, पण चुकीच्या रंगाचा मास्क लावायची त्याहून जास्त.

शेतावर गेलात तर वेगळाच कारखाना. खताची रिकामी पोती उसवायची, दाभण-सुतळीने एकमेकांना जोडायची आणि त्याचं तळवट करायचं. सोयाबीन, तूर, सगळं त्यावर वाळतं. 2018 मध्ये युरियाची गोणी 50 किलोंवरून 45 वर आली, तेव्हा सरकारने नत्राचा विचार केला असेल. माझ्या मेव्हण्याने तळवटाचा केला. “दाजी, पोतं आखूड झालं की हो.” हाच मेव्हणा रानडुकरांसाठी जुन्या साड्या टोकाला टोक शिवून मक्याभोवती कुंपण करतो. रात्री वाऱ्याने साडी हलली की डुकराला वाटतं, माणूस उभा आहे. माझ्या सासूबाईंच्या साड्या पुढच्या ओळीत असतात. का, ते मी विचारलेलं नाही. पोळा जवळ आला की बैलाच्या झुली त्याच्याकडे घरीच शिवतात. आरसे, गोंडे, जरीची पट्टी, सगळं असतं; शेतकऱ्याच्या स्वतःच्या सदऱ्याला मात्र तेव्हाही दोन गुंड्या कमी.

आणि हे सगळं कुणी “शोध लावला” वगैरे म्हणून करत नाही. दुपारी भांडी झाली, डोळा लागत नाही, म्हणून करतात.

आमची आई पंच्याऐंशीच्या घरात आहे आणि अजून गोधडी घालते. खाली जुनं धोतर, वर नऊवारीचे थर, मधे कुणाचं काय ते विचारायचं नाही. कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घेत मध्यावर यायचं. पट्टी नाही, खडू नाही, टाका मात्र वारुळातून निघालेल्या मुंग्यांसारखा सरळ. मी एकदा तिला वाचून दाखवलं की 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, त्याचा पोशाख एकवीस थरांचा होता, आणि तो अमेरिकेत डोव्हर नावाच्या गावात शिलाई मशीनवर बायकांनी शिवला होता. तो शिवणारी कंपनी बायकांच्या आतल्या कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्लेटेक्सच्या घरातलीच. टाका इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतकाही हलला तर चालत नसे. आईने सुईत दोरा ओवत ऐकून घेतलं.

“एकवीस? मंग थंडी नसंल वाजली त्याला.”

तिच्यासाठी विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तिथूनच सुरू झाला. मी आयुष्यभर कार्यालयात कागदाला कागद टाचला. टाचण्याचा एवढा अनुभव असलेल्या माणसाला टाका घालणं काय अवघड?

कारण उन्हाळ्याने पुरवलं. आमची ग्रामदेवता मत्स्योदरी, तिची टेकडी माशाच्या आकाराची. मे महिन्यात दुपारी त्या पायऱ्या अनवाणी चढणाऱ्याला देवी लवकर भेटते, कारण तो पळतच वर पोचतो. अशा गावात आमचा पत्र्याचा एकुलता एक कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीत, आणि आईची बाज मधल्या खोलीत. बायको म्हणाली, दुसरा कूलर घ्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बाज पुढच्या खोलीत घ्या. दोन्ही उपाय इतके सोपे होते की मला त्यात माझी गरज कुठेच दिसेना.

मी म्हणालो, वारा आत नेऊ. खाणींत आणि बोगद्यांत कामगारांना ताजी हवा पोचवायला कापडी नळे वापरतात, हे मला माहीत होतं. चिकलठाण्याच्या विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी बाही लांबून पाहिलेली होती. तशीच बाही कूलरच्या तोंडाला बांधायची, दारातून आत न्यायची, आईच्या उशाशी सोडायची. सुती कापडातून वारा झिरपतो, म्हणून नायलॉन. नायलॉनच्या साड्यांचं गाठोडं पलंगाखाली तयारच होतं. ते भांडेवालीला द्यायचं होतं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचं मोठं पातेलं ठरलेलं होतं, हे मला गाठोडं सोडून झाल्यावर सांगण्यात आलं.

पायमशीन बायकोची. गांधीजींनी यंत्रांना नावं ठेवली, पण सिंगरच्या शिलाई मशीनला सूट दिली. स्वतःच्या बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास पाहून सिंगरने ती प्रेमापोटी केली, असं त्यांनी 1924 मध्ये एका संवादात म्हटलं होतं. प्रत्यक्षात आयझॅक सिंगरचे संसार अनेक आणि मुलं दोन डझनांच्या घरात. म्हणजे प्रेमाचा पुरवठा भरपूर होता, नेमका कुठून तेवढं सांगणं अवघड. मीही बायकोला म्हणालो, हे सगळं घरच्यांच्या प्रेमापोटी चाललंय. ती म्हणाली, “बॉबीन उलटी बसवलीत.”

पायमशीनचं चाक पुढे फिरतं तसं मागेही फिरतं, आणि माझा पाय पडला की ते मागेच फिरायचं. मागे फिरलं की दोरा तुटतो. दोरा ओवायला चष्मा काढावा लागतो, आणि काढलेला चष्मा शोधायला चष्मा लागतो. नायलॉन तर दाबपट्टीखाली थांबायलाच तयार नाही. वरची साडी पुढे पळते, खालची मागे राहते, आणि सरळ घातलेली शिवण गोदाकाठच्या वाटेने निघते. टाके खालून सैल, वरून ताणलेले. “टेन्शन कमी करा,” बायको म्हणाली. ती दोऱ्याबद्दल बोलत होती. शेवटची शिवण संपवून मी विजयाने उठलो, तर नळाही माझ्याबरोबर उठला. शर्टाची उजवी बाही त्यात पक्की शिवली गेली होती. गंमत म्हणजे अख्ख्या नळ्यात तेवढाच टाका शेवटपर्यंत उसवला नाही; तो कातरीने सोडवावा लागला.

कूलरचं तोंड चौकोनी आणि नळा गोल, हा मुद्दा मग लक्षात आला. त्यावर लेंग्याच्या नाड्या हा तोडगा निघाला. मधे कपडे वाळत घालायच्या दोरीला नळा लोंबकळत ठेवला. आई बाजेवरून हे पाहत होती. “काय शिवायलास रे बाबा हे? कूलरला सोंड?” नाव ठरलं.

उद्घाटनाला वहिनी आल्या. हातात कुरडयांचं ताट होतं. अर्धवट वाळलेल्या, अंगणात कुत्री येतात म्हणून आत आणलेल्या. त्यांनी ते बाजेच्या कडेला ठेवलं. मी पाणी काठोकाठ भरलं, पंप सुरू केला, बटण “हाय”वर नेलं.

सोंड फुगली. खरंच फुगली, आणि क्षणभर माझा ऊर तिच्यापेक्षा जास्त. मग ती दोरीवर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली आणि मांडणीवरचे पेले एकेक करून खाली आले. आईच्या उशाशी मात्र तिच्या पदराचं टोकही हलेना. कूलरचा पंखा भरपूर वारा फेकतो, पण लांब नळ्यातून कोंबायचा जोर त्याच्यात नसतो. खाणीत त्यासाठी वेगळे दमदार पंखे लावतात. हे मला नंतर समजलं. समजायला उशीर झाला नसता, पण नायलॉनचा दुसरा गुण तेवढ्यात पुढे आला. कूलर काठोकाठ भरला की गवताच्या ताट्यांमधून पाण्याचे थेंब वाऱ्याबरोबर उडतात. सुती कापड ते शोषतं, नायलॉन साठवतं. दोरीवरून सैल सुटलेल्या मधल्या भागाला पोट येऊ लागलं.

“अहो, तिचे दिवस भरले बघा,” बायको म्हणाली.

शिवण नेमकी बाजेच्या वर उसवली. वाळ्याचा वास, कूलरच्या तळाचा गाळ आणि बादलीभर पाणी एकदम कुरडयांवर. वहिनी पाहत राहिल्या. आई मात्र चिंब भिजून पहिल्यांदा प्रसन्न दिसली. “आता कसं गार वाटायलंय,” ती म्हणाली. मी तेवढंच वाक्य माझ्या बाजूने नोंदवून ठेवलंय. वहिनींनी ओल्या कुरडयांचं ताट उचललं आणि जाता जाता बायकोला म्हणाल्या, “भाऊजींना कार्यालयात परत घेत नसतील का?”

संध्याकाळी आईची बाज पुढच्या खोलीत आली. बाजेला चार पाय होते आणि उचलायला आम्ही दोघं पुरलो. पातेलं अर्थातच आलं नाही. भांडेवालीने सोंड हातात घेतली, शिवणी पाहिल्या आणि ती फुकटसुद्धा न घेता पुढे गेली.

मेव्हण्याने मात्र मागून नेली. म्हणाला, दाजी, साड्या बांधाला कमीच पडायल्यात. त्याने ती न उसवता, आहे तशीच, एका टोकाला खुंटीला बांधून मक्याच्या कडेला लावली. परवा त्याचा फोन आला होता.

“दाजी, डुकरं बंद झाली.”

“अरे वा!”

“पण निंदायला बायाही येईनात. ती रात्री फुगती म्हणत्यात. तेवढी परत घेऊन जा.”