एक जुलै ते तीस जून

सेवेचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. रोटरी घ्या, लायन्स घ्या, पंचांग एकच. त्या पंधरवड्यात तालुक्याच्या कुठल्याही गावात जा, मंगल कार्यालयात पदग्रहण सोहळा चालू असतो. मावळते अध्यक्ष गळ्यातली पट्टी काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात, घंटा आणि हातोडी सुपूर्द होते, शाल-श्रीफळ होतं, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम प्रत्येक नावाआधी ‘ज्यांच्या नसानसांत सेवा भिनली आहे’ असं म्हणतात. मग जेवण. जेवणाला इथे फेलोशिप म्हणतात आणि तिची उपस्थिती सभेपेक्षा नेहमीच चांगली असते.

क्लबचं नाव घेत नाही. ज्याच्या त्याच्या गावात तो असतोच. दोन-तीन डॉक्टर, कापडवाले शेठ, बिल्डर, सीए, खताचा डीलर, एक निवृत्त प्राचार्य आणि एक असा सभासद, ज्याचा धंदा नेमका कोणता हे कुणालाच ठाऊक नसतं, पण सर्वांत मोठी देणगी त्याचीच. माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. रात्री दोनला रक्ताची पिशवी हवी असली तर यांच्यातलाच कुणीतरी फोन उचलतो. घोळ आहे तो त्या एका वर्षाचा.

अध्यक्षाला मिळतात बारा महिने. पहिले दोन सत्कार घेण्यात जातात, शेवटचे दोन अहवाल लिहिण्यात. मधे प्रांतपालांची, म्हणजे क्लबच्या वरच्या पदाधिकाऱ्यांची, अधिकृत भेट असते आणि त्यांच्या हस्ते काहीतरी सुरू करावंच लागतं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला नुसतं जेवायला घालून कसं पाठवायचं? शिवाय वर्षअखेरीस पारितोषिकं असतात. सर्वोत्कृष्ट अध्यक्ष, सर्वोत्कृष्ट सचिव, सर्वोत्कृष्ट प्रकल्प. त्यासाठी प्रकल्प मोजायचे असतात आणि प्रत्येक प्रकल्पाचा बॅनरसकट फोटो लागतो.

याचा परिणाम बघायचा तर आमच्या एसटी स्टँडवर या. तिथे पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या शेजारी शेजारी आहेत. पहिलीवर ग्रॅनाइटची पाटी: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, कोणाच्या स्मरणार्थ, कोणाचं सौजन्य, कोणाचे शुभहस्ते. पाटी दोन फूट बाय तीन फूट, तोटी अर्धा इंची. या तोटीचं वायसर गेलं तेव्हा पाणी ठिबकायला लागलं. कुणीतरी सुतळी गुंडाळली. मग कुणीतरी तोटीच काढून नेली. आता त्या भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली आहे आणि टाकीत पाणी नसल्यामुळे खुंटी उत्तम काम करते.

वायसर म्हणजे पाच-दहा रुपयांची वस्तू. पण ते बसवायला पाहुणे कोण बोलावणार? दुरुस्तीची फीत कापता येत नाही. आणि पाटीवर नाव पूर्वीच्या अध्यक्षांचं. त्यांच्या टाकीत यांनी पाणी का भरावं? म्हणून शेजारी दुसरी टाकी आली, दुसरी पाटी घेऊन. तिला कूलर आहे. विजेचं बिल कुणी भरायचं यावर पत्रव्यवहार चालू आहे, त्यामुळे कूलर शोभेला. प्रवासी कँटीनमधून बाटली घेतात आणि पाणी पिता पिता पाट्या वाचतात. वाचायला भरपूर आहे.

झाडांबद्दल फार लिहीत नाही. 1 जुलै म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती, राज्याचा कृषी दिन. मुहूर्त झकास, पाऊसही असतो. खड्डे गेल्या वर्षीचेच मिळतात. ही बचत अहवालात का दाखवत नाहीत, कोण जाणे.

रक्तदानाचं गणित मात्र जरा समजून घेण्यासारखं आहे. 1 जुलै हा डॉक्टर्स डेसुद्धा, त्यामुळे शिबिर. 15 ऑगस्टला शिबिर, 26 जानेवारीला शिबिर, त्यातच आमदारसाहेबांचा वाढदिवस. एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागतं. पिशवीतल्या लाल पेशी टिकतात फार तर 42 दिवस, प्लेटलेट अवघे पाच. म्हणजे एका आठवड्यात गावातले सगळे दंड टोचून घेतले तर रक्तपेढीचा फ्रीज ओसंडून वाहतो आणि पुढे दोन महिन्यांनी थॅलेसेमियाच्या पोराचा बाप पिशवीसाठी दारोदार फिरतो. दरवर्षी मे महिन्यात रक्ताचा तुटवडा पडतो. कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन रणरणतं. नेमक्या याच वेळी आपले अध्यक्ष वर्षभराच्या सेवेने थकलेले असतात आणि पुढचे अध्यक्ष शिवायला टाकलेल्या सुटाच्या ट्रायलला गेलेले असतात. तारखा बारा महिन्यांत वाटून घ्या, एवढं साधं सांगणं आहे. पण 9 मेच्या शिबिराला प्रमुख पाहुणा कोण मिळणार?

यातल्या रोटरीची सुरुवात कशी झाली ते आठवलं की मजा वाटते. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत तिघांना जमवलं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. दोन वर्षांनी, 1907 मध्ये, या मंडळींनी पहिलं लोकोपयोगी काम हाती घेतलं. ते होतं सार्वजनिक शौचालयाचं. शहराच्या मध्यवस्तीत माणसांची सोय व्हावी म्हणून हे प्रतिष्ठित लोक पालिकेच्या मागे लागले. आमच्या बाजारपेठेत भाजी विकायला येणाऱ्या बायका पहाटे निघतात आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाहीत. कारण उघड आहे. पण बाजारातल्या मुतारीवर स्वतःचं नाव कोरून घ्यायला कोणता अध्यक्ष तयार होईल? शाळेत स्वच्छतागृह बांधतात, तेवढं श्रेय द्यायला हवं. ते दुसऱ्या दिवसापासून धुणार कोण, हा प्रश्न मात्र पुढच्या अध्यक्षाच्या कार्यकाळात मोडतो.

आणि तरीही याच लोकांनी एक काम असं केलं आहे की टोपी काढावी. 1985 मध्ये रोटरीने जगातून पोलिओ घालवायचं मनावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. मुख्य राबणं सरकारी आरोग्य खात्याचं आणि अंगणवाडीच्या बायांचं, यात वाद नाही. पण रविवारी सकाळी शटर बंद ठेवून बूथवर बसणारे, बर्फाच्या पेट्या स्कूटरवर वाहणारे, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या कोप्यांवर जाऊन पोरं हुडकणारे लोक या क्लबांतूनही आले होते. एकेका क्लबचे तीसएक अध्यक्ष तेवढ्यात आले आणि गेले. त्यातल्या एकालाही ‘माझ्या वर्षात पोलिओ गेला’ असं म्हणता आलं नाही. खूण काय, तर पोराच्या करंगळीवर शाईचा ठिपका. करंगळीवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार मावत नाहीत, म्हणूनच बहुधा ते काम तडीस गेलं.

आता उपाय. या क्लबांमध्ये दंडाची एक गोड प्रथा आहे. सभेला पिन न लावता आलात, दंड. मोबाइल वाजला, दंड. नवी गाडी घेतली, दंड. आणि हा दंड सभासद हसत हसत भरतात, कारण गाडी घेतल्याचं चारचौघांत जाहीर होतं. तर मी क्लबच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांना सुचवलं, ‘सर, दर महिन्याला स्टँडवर एक चक्कर मारा. ज्या टाकीला पाणी नाही, तिच्या पाटीवरच्या सगळ्यांना शंभर-शंभर रुपये दंड लावा. वायसर आणून पैसे उरतील.’

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. ‘कल्पना छान आहे तुमची,’ ते म्हणाले, ‘पण मग आमच्याकडे पाटीवर नाव द्यायला कुणी तयार होणार नाही.’

मी म्हटलं, ‘हरकत काय?’

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘पाटीच नसेल तर टाकी कशाला बसवायची?’