सुलभमार्गमीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे. प्रस्तुत ग्रंथाचा अधिकारी तो, ज्याने जाड टायरांची, गिअरवाली सायकल हप्त्यांवर घेतली असून ती अद्याप सोसायटीच्या फाटकाबाहेर काढलेली नाही. विषय : डोंगरातली सोपी सायकलवाट. प्रयोजन : रविवार. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न घरातून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ग्रंथाच्या कक्षेबाहेरचे आहे.

पूर्वेतिहास

कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात १९७६ साली काही तरुणांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून तीनएक किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर खाली यायचे, एवढाच तिचा नियम. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि तळाशी पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. सारांश, या विद्येचे आद्य आचार्य असे होते की ज्यांना काहीच अवघड वाटत नसे. वाट सोपी की अवघड हे सांगण्याचा अधिकार आजही त्यांच्याच शिष्यपरंपरेकडे आहे. पुढचा सगळा घोटाळा इथून उत्पन्न होतो.

प्रमाणविचार

वाट सोपी आहे हे कळावे कसे? नैयायिकांनी चार प्रमाणे मानली आहेत. ती क्रमाने तपासू.

शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आपला आप्त म्हणतो, “अरे, काही नाही रे, सरळच आहे सगळं.” हा आप्त रविवारी पहाटे सिंहगड चढून येतो आणि नऊला घरी पोहे खात असतो. त्याच्या वचनातून त्याच्या मांड्यांचे ज्ञान होते, वाटेचे नव्हे. वाटेत भेटणारा गुराखी “हितंच हाय की, म्होरल्या वळणाला” असे सांगतो. तोही खोटे बोलत नसतो. त्याला ते खरोखरच जवळ असते.

उपमान : “वेताळ टेकडीसारखीच आहे.” टेकडीच्या माथ्यावरच्या सपाटीसारखी, की वर जाताना पायाखालून निसटणाऱ्या मुरमासारखी, हे सांगायचे राहून गेलेले असते.

अनुमानाचा जुना दाखला डोंगरावरच्या धुराचाच आहे : धूर दिसला की अग्नी समजावा. सह्याद्रीत हे अनुमान आणखी लांबते. धूर तिथे चूल, चूल तिथे भजी, भजी तिथे मोटारी, मोटारी तिथे डांबर. म्हणजे धूर दिसला की ती वाट आपल्या शास्त्राची नव्हेच.

उरले प्रत्यक्ष. ते निर्दोष आहे. दोष एकच : ते जाऊन आल्यावर प्राप्त होते.

मानविचार

कोणाच्याही शब्दावर विसंबायला नको म्हणून १९८८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने मोजपट्टी काढली. नवशिक्याच्या वाटेला हिरवे वर्तुळ. तिची रुंदी किमान ३६ इंच. सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर उंची. कुठेही १५ टक्क्यांहून अधिक नाही. आणि चुकवता न येणारा अडथळा २ इंचांहून उंच नाही. ८ इंचांपर्यंत अडथळे आले की निळा चौकोन, त्यापुढे काळा हिरा.

आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच उंच असतो. तेव्हा दप्तरासकट नातवाला शाळेत सोडणारे आजोबा हिरव्या वर्तुळाबाहेर जाऊन रोज निळ्या चौकोनात सायकल चालवतात, हे सिद्ध झाले. मानक न वाचता बांधलेले गतिरोधक कोणत्या चिन्हात बसतात, हे अभ्यासकांनी आपापल्या गल्लीत फूटपट्टी लावून पाहावे.

प्रयोगविधी

काल : ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसात काळी माती चाकात लिंपून सायकल जागच्या जागी थांबते आणि कातळावर शेवाळ असते. वेळ : “सहाला निघू” असे ग्रुपवर ठरते, या वाक्याचा अर्थ सहाला पहिला गजर असा घ्यावा. साहित्य : हेल्मेट, पाणी, जादा ट्यूब आणि पंप. पैकी पंप दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो, असे प्रत्येकाचे मत असते.

टायरमध्ये हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवावी, पकड वाढते. गिअर चढ लागण्याआधी हलका करावा, लागल्यावर नव्हे. उतारावर दोन्ही पेडल समपातळीत ठेवून बूड सीटवरून उचलावे आणि मागे न्यावे. मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. पायी चालणारी माणसे आणि गुरे यांना आधी वाट द्यावी. पैकी गुरे ती मागत नाहीत, घेतात.

सिद्धान्त

रुंदी, टक्के आणि इंच मोजूनही एक गोष्ट उरते : दमल्यावर काय? जाताना चढ असेल, तर दम संपेल तिथून घराकडे उतार असतो. टेकडी आणि किल्ला या जातीचे. ताम्हिणीतून कोकणात उतरणारा मात्र सकाळभर स्वतःला पट्टीचा सायकलपटू समजतो आणि दुपारी त्याला टेम्पो शोधावा लागतो. म्हणून सोप्या वाटेचे लक्षण असे : जिच्यावरून कुठूनही मागे फिरता येते आणि फिरताना चढावे लागत नाही, ती सोपी.

आणि वाट ठरवताना मांड्यांच्या आचार्यांना विचारू नये. गटात सर्वांत लवकर दमणारा जो कोणी असेल, त्याला आधी धाडावे. तो परत येऊन “बरी आहे” म्हणाला, तर बाकीच्यांनी खुशाल सायकली काढाव्यात.