आईचा चेहरा ओळखला, अक्षराचं नंतर बघू

महाराष्ट्रात पोर सहा वर्षांचं होईपर्यंत महिला व बालविकास खात्याचं असतं. सहावं सरलं की ते शालेय शिक्षण खात्याच्या पटावर जातं. त्याच्या आईला वाचता येत नसेल तर ती शिक्षण संचालनालयाच्या योजना शाखेची. ‘उल्लास’ नावाच्या साक्षरता कार्यक्रमात, पंधरा वर्षांवरील असाक्षरांच्या यादीत तिचं नाव लागतं. घरी ही मायलेकरं एकाच गोधडीत झोपतात. एवढी बारीक माहिती मंत्रालयापर्यंत पोचायला वेळ लागायचाच.

आईकडे सरकारचं लक्ष नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १ जुलै २०२५ पासून तिला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार हवा असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा लागतो. नोंदीतल्या फोटोशी तो जुळला की पाकीट हातात. डोंगरातल्या पाड्यावर आधी रेंज जुळावी लागते, मग चेहरा. त्या पाकिटावर काय छापलंय हे तिला वाचता येतं का, ते तपासणारं बटण ॲपमध्ये नाही.

हे ॲप म्हणजे ‘पोषण ट्रॅकर’. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा इंग्रजीत होतं. मराठी मुलांना मराठी बडबडगीतं शिकवणाऱ्या सेविकेने त्याच मुलांची माहिती इंग्रजीत भरायची, तीही मधूनच बंद पडणाऱ्या फोनवर. राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन गोळा करून सरकारला परत दिले. साक्षरतेच्या क्षेत्रातलं अलीकडचं सर्वांत समंजस आंदोलन मी तरी हेच मानतो.

तशी सेविकेला कामं मोजकीच. वजन-उंची घ्यायची, लसीकरणाला पोरं जमवायची, आहार वाटायचा, गरोदर बायकांच्या घरी जाऊन यायचं, रजिस्टरं भरायची आणि तेच पुन्हा फोनवर भरायचं. २०२४ च्या पावसाळ्यात त्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज आले. अर्जामागे ५० रुपये भत्ता ठरला. मुलांना गोष्ट सांगण्यामागे किती, हे अजून कोणी ठरवलेलं नाही. त्यामुळे गोष्ट मागे पडली तर दोष बाईंचा कसा? त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये याच बाया मानधनवाढीसाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या आणि दीड महिन्याहून जास्त बसल्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगून झालं होतं.

गंमत म्हणजे मूल आणि त्याचं घर एकत्र धरून कसं शिकवावं, ते याच राज्यात करून दाखवलेलं आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डी गावी गेल्या, सोबत सहकारी अनुताई वाघ. गावातल्या बालवाडीत वस्तीवरची मुलं येईनात, तेव्हा ताराबाईंनी परिपत्रक काढलं नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली आणि तिला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणारी पोरं तरीही येत नव्हती. त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. धाकटं, मोठं, त्यांचं घर आणि घरचं काम हे सगळं एकत्र धरल्याशिवाय मूल शिकत नाही, एवढंच त्या दोघींचं धोरण होतं. अंगणवाडी हे नाव सरकारने उचललं, १९७५ मध्ये देशभराच्या योजनेलाही दिलं. कडेवरचं धाकटं एका खात्यात आणि त्याला सांभाळणारी बहीण दुसऱ्या खात्यात, ही सुधारणा मात्र नंतरची.

धोरणाच्या कागदावर आनंदीआनंद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आखला आणि २०३० पर्यंत पूर्वप्राथमिक शिक्षण सर्वांना द्यायचं म्हटलं. शिक्षणहक्काचा कायदा मात्र सहाव्या वर्षाच्या उंबऱ्यावरच बसून आहे.

एक काम बरं झालं, तेही सांगतो. २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीचं ‘पहिले पाऊल’ अभियान आलं आणि गावोगाव मातांचे गट झाले. आईने घरातल्याच वस्तू घेऊन मुलाशी खेळायचं: डाळी निवडून वेगळ्या करायच्या, वाट्या मोजायच्या, चित्र बघून बोलायचं. यात आईला वाचता येण्याची अट नव्हती. पण म्हणून तिला वाचायला शिकवायचंच नाही, असंही नव्हे. तिने ते ‘उल्लास’मध्ये जाऊन शिकायचं, १७ मार्च २०२४ ला झाली तशी दीडशे गुणांची परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. घरात वाचायला काय? ते प्रमाणपत्र.

कुटुंब आणि साक्षरता यांचा संबंध खरा ओळखला तो शहरातल्या महागड्या नर्सऱ्यांनी. तिथे प्रवेश मुलाचा असतो आणि मुलाखत आईबापांची, बहुधा इंग्रजीत.

तेव्हा दोन्ही खात्यांनी एकदा एका टेबलाशी बसावं. अंगणवाडी सुटायच्या वेळी आई पोराला न्यायला येते, ‘उल्लास’च्या स्वयंसेवकाने तिला तिथेच गाठावं. प्रत्येक अंगणवाडीत चित्रांची पुस्तकं असावीत, पाड्यावर तिथल्या बोलीतली. ती घरी नेऊ द्यावीत. फाटली तर फाटली. नोंद वहीत करावी, ॲपवर नको. आणि वाचकहो, खाती टेबलाशी येईपर्यंत तुमच्या घरी मुलं मोठी होऊन पडून राहिलेली चित्रांची पुस्तकं असतील तर जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. फक्त देताना बाईंना विचारा, ठेवायला कपाट आहे का. नसेल तर तेही न्यावं लागेल.