बालपणवाले कवी

डोंबिवलीत कोजागिरीचं कविसंमेलन असलं की दुधाला उकळी फुटायच्या आत हे गृहस्थ माइकपाशी पोचलेले असतात. बँकेतून निवृत्त, अंगात झब्बा, खांद्याला शबनम. शबनममध्ये फाइल आणि फाइलीत बालपण. ‘‘एक छोटीशीच कविता,’’ म्हणतात. जुनेजाणते श्रोते मांडी बदलून घेतात.

यांच्या कवितेतल्या मुलाला मी बरीच वर्षं ओळखतो. पहिल्या संग्रहात तो चपला घालून शाळेत जात होता. पुढे एका दिवाळी अंकात चपलेचा अंगठा तुटला, नंतरच्या अंकात चपलाच गेल्या आणि हल्ली तो डोक्याला दप्तर बांधून नदी पोहून जातो. कंदिलाची काच आधी नुसती काजळायची, आता तडकली आहे. मानधन वाढेल तशी पोराची गरिबी वाढत चालली आहे.

केशवसुतांपाशी आठवायला मालगुंड तरी होतं. हे वाढले गिरगावातल्या चाळीत!

गेल्या खेपेला यांची थोरली बहीण पहिल्या रांगेत बसली होती. नदीचं कडवं येताच ती म्हणाली, ‘‘बाळ्या, कसली रे नदी? ट्रामला पैसे द्यायची ना आई? ते गोळ्यांत उडवून चालत यायचास.’’

‘‘ताई, ती नदी प्रतीकात्मक आहे.’’

‘‘आणि प्रगतिपुस्तकावर अण्णांची सही कोण ठोकायचं? तेही प्रतीकच का?’’

मंडपात त्या रात्रीची पहिली खरी दाद गेली ती ताईंना. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. तोवर तिच्या पैशांवर गोळ्या खाणारा, बापाची सही घोटून घोटून बसवणारा हा पोरगा मला तरी फार आवडला. फाइलीत त्याच्यावर एक ओळ नाही.

कवींचं दुःख मात्र वेगळंच. ‘‘ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिळाली, ती सतराव्या वर्षी. बालपणावर लिहायला अनुभव नको का?’’ असं ते दुधाचा पेला हातात धरून मला विचारत होते.

यंदा संयोजकांनी प्रमुख पाहुण्या म्हणून ताईंनाच बोलावलं आहे. कवींना त्याच दिवशी नाशिकला कार्यक्रम निघाला.