सहकुटुंब, सहसायकल

रविवारी रात्री आमच्या पुण्यातल्या वारज्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. गळ्यात पदक, डावीकडे वहिनी, उजवीकडे चिरंजीव, मागे आजी आणि खाली ओळ: 'क्वालिटी वीकेंड विथ फॅमिली, कोल्हापूर!' सगळ्यांच्या पुढे सायकल होती. हँडलच्या आडून आजींचा एकच डोळा दिसत होता.

हे गृहस्थ तुम्हाला ठाऊक आहेत. प्रत्येक सोसायटीत एक असतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी कॉम्प्युटरसमोर, पहाटे लिफ्टमध्ये बुटांची खटखट, आणि आपल्याला रात्री झोप लागली की नाही हे सकाळी घड्याळाला विचारायची सवय. आपण त्यांना खेळाडू म्हणू. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, २१.१ किलोमीटर पळायचं, असा त्यांचा अर्धा ट्रायथलॉन. बेरीज ११३ किलोमीटर. ती त्यांनी पुरी केली, अभिनंदन. मला बोलायचं आहे ते वारजे ते कोल्हापूर या सव्वादोनशे किलोमीटरबद्दल. तेवढे आजींनी पुरे केले, मांडीवर चाक घेऊन.

त्याचं असं झालं. सायकल कार्बनची, किंमत लाखांत. गाडीच्या मागे बाहेर लावायचा कॅरिअर मिळतो, पण तिथे सायकलला ऊन लागतं, धूळ लागते, खडी उडते. म्हणून सायकल आत. मागच्या सीटचा एक भाग पाडला, पुढचं चाक काढलं, सायकल डिकीतून आडवी सरकवली. डिकीत उरलेल्या जागेत हेल्मेट, पंप, पोहण्याची बॅग, बुटांचे तीन जोड आणि केळ्यांचा घड. चाक उरलं. ते आडवं ठेवायचं नाही, त्यावर काही टेकवायचं नाही. खेळाडूंनी गाडीभर नजर फिरवली आणि ती मातोश्रींच्या मांडीवर स्थिरावली.

"आई, फक्त धरून बस. त्या चकतीला हात लावू नकोस."

चकती म्हणजे डिस्क ब्रेकची. तिला तेलकट बोट लागलं तर ब्रेक नीट धरत नाहीत, हे शंभर टक्के खरं आहे. आता आजींनी प्रवासासाठी आणला होता चिवडा. घरचा, पातळ पोह्यांचा, वर तळलेलं खोबरं. म्हणजे एकूण तेल किती याचा विचार करा. चिवड्याचा डबा वारज्याच्या पुलावरच जप्त होऊन पुढे वहिनींकडे गेला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आजींनी एक शेंगदाणा मागितला, तो नातवाने परस्पर त्यांच्या तोंडात टाकला. खंबाटकी घाटात वळणागणिक चाक कलायचं आणि त्याबरोबर आजी कलायच्या. साताऱ्यापुढे त्यांचा डोळा लागला तर आरशातून आवाज आला, "आई, रिम!" कऱ्हाडला सगळे चहाला उतरले, आजी नाही उतरल्या, कारण उतरायचं तर चाक कुणाकडे द्यायचं? वहिनींचे हात आता चिवड्याचे झाले होते आणि चिरंजीव तर विश्वासातलेच नव्हते. चहा गाडीत आला. तोही बशीतून नको, सांडेल. किणीचा नाका गेला तेव्हा आजींनी एवढंच विचारलं, "अरे, या चाकाचा टोल वेगळा घेत नाहीत ना?" या बाईंना मी वीस हात लांबून ओळखतो. त्या सहसा विनोद करत नाहीत.

आजींची इच्छा एकच होती, अंबाबाईचं दर्शन. शनिवारी नंबर घ्यायचा होता, तलाव पाहून ठेवायचा होता, सायकल जोडून तपासायची होती. शिवाय उभं राहून पाय दुखवायचे नाहीत, म्हणजे रांग बाद. कळसाला गाडीतून नमस्कार झाला. जेवणात तांबडा-पांढरा रस्सा कुणीच घ्यायचा नाही, कारण शर्यतीआधी पोटाला नवीन काही द्यायचं नसतं. पोट एकाचं, पथ्य चौघांना. कोल्हापुरात जाऊन दहीभात खाल्लेलं कुटुंब म्हणून ते इतिहासात जाईल.

या खेळाचा इतिहासही सांगतो. पोहणारा भारी, पळणारा भारी की सायकलवाला भारी, या वादातून 1978 साली हवाईत जी पहिली लांब पल्ल्याची शर्यत झाली, तिला उभे राहिले 15 जण आणि पोहोचले 12. खाणंपिणं पुरवायला आपली माणसं प्रत्येकाने आपणच आणायची होती. एकाच्या माणसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात. आता बहुतेक शर्यतींत उलटा नियम आहे. बाहेरच्या कुणी मदत करायची नाही, केली तर दंड, प्रसंगी बाद. म्हणजे ज्या काळात घरच्यांची गरज होती तेव्हा त्यांना नेण्यात अर्थ होता. आज घरच्यांनी एक केळंसुद्धा द्यायचं नाही, आणि घड मात्र त्यांनीच उचलून आणायचा.

इथवर मी हसत लिहिलं. पण सोमवारी सकाळी पार्किंगमध्ये चिरंजीवांची सायकल पाहिली. दोन्ही टायर बसलेले, साखळी गंजलेली, सीटवर मांजर. मुलगा सहावीत, शाळा हाकेच्या अंतरावर, आणि तो जातो व्हॅनने. का? तर सर्व्हिस रोड. ज्या रस्त्यावर उलट्या दिशेने टेम्पो येतो, फुटपाथवर दुचाकी चढते आणि हायवेचा अर्धा ट्रॅफिक शॉर्टकट म्हणून घुसतो, त्या रस्त्यावर कोणती आई पोराला सायकल घेऊन सोडेल? बापाची सायकल पहाटे पाचला खडकवासल्याकडे निघते आणि आठच्या आत घरी येते. नंतर त्याचीही हिंमत नाही. हे एकेकाळचं सायकलींचं शहर! इथले कामगार आणि मास्तर सायकलवरून कामावर जात, त्याला कुणी व्यायाम म्हणत नसे. आज सायकल चालवायला सायकल मोटारीत घालून परजिल्ह्यात न्यावी लागते. घरामागे अख्खी मुठा वाहते, तिच्यात पाय बुडवायची सोय नाही, म्हणून पोहायला तलाव शोधायचा कोल्हापुरात. आणि पळायला? पळतो की आपण रोज, रस्ता ओलांडताना. त्याचं पदक कुणी देत नाही. खेळाडूंचा मला राग येत नाही, उलट त्यांची चिकाटी माझ्यात असती तर बरं झालं असतं. राग येतो तो या गोष्टीचा, की सहावीतल्या पोराचा शाळेपर्यंतचा रस्ता आपण सगळ्यांनी मिळून इतका अवघड केला, आणि मग हौसेने अवघड शर्यती शोधत हिंडतो.

तेव्हा वारजेकरांना एक विनंती. पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून सर्व्हिस रोडवरून उलटे येत असाल, तर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला तरी सरळ या. चार मिनिटं जास्त लागतील.